शिवलेली बाही

हौसाक्का. हे नाव आधी लिहितो, काय झालं ते मग. हौसाक्का नसती तर माझ्या कुंदाच्या डाव्या पावलाचं काय झालं असतं, हा विचार मी बारा वर्षांत एकदाही शेवटपर्यंत नेऊ शकलेलो नाही. विचार थोडा पुढं जातो आणि पाण्याला बुजलेल्या बैलासारखा मध्येच पाय रोवून उभा राहतो.

कसबा बावड्यात ती आमची घरमालकीण. गोठ्याला लागून असलेल्या तिच्या एका खोलीत मी आणि माझी बायको शांता राहायचो. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हाताला शेणाचा वास, पदराला सरकीच्या पेंडीचा. बाकी काहीच ओळखीचं नसलेल्या त्या मुलखात हा पेंडीचा वास तेवढा मला घरचा वाटायचा. मी यवतमाळकडचा, कापसाच्या प्रदेशातला. सहावीत शाळा सुटली आणि जिनिंगमध्ये लागलो. तिथून मशिनरी बसवणाऱ्या एका कंत्राटदाराबरोबर फिरत फिरत साखर कारखान्यात फिटरचा मदतनीस झालो. गाव इतकं लांब राहिलं की आईच्या पत्राला उत्तर पोहोचेपर्यंत तिची काळजी बदललेली असायची.

परवा इथं वारणानगरच्या कारखान्यात गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली. हंगाम सुरू झाला. पहाटे चारचा भोंगा झाला, वाऱ्यावर मळीचा तो आंबट-गोड, घशाला चिकटणारा वास आला आणि मी अंथरुणातून उठून सगळ्यांत आधी कुंदाच्या पायाशी गेलो. दर हंगामाला हे असंच होतं. पांघरुणातून तिची बोटं बाहेर आलेली असतात. मी अंगठ्याचं नख दाबतो, सोडतो, ते पुन्हा गुलाबी होईपर्यंत श्वास धरतो. ती झोपेत पाय आखडून घेते. आता सातवीत आहे. परवा मात्र जागी होती. म्हणाली, "बाबा, काय बघता हो रोज?"

"काही नाही. थंडी आहे."

काही नाही कसं? पण पोरीला तिच्याच पायाची भीती कशी सांगायची?

ती जन्मली दसऱ्याच्या आगेमागे. सुईणीनं दुपट्यात गुंडाळून हातात दिली तेव्हा मी तोंड पाहिलं, नाक पाहिलं, मुठी पाहिल्या. पाय पाहिले नाहीत. पाय कोण पाहतो? तिसऱ्या दिवशी शांतानं दुपटं उलगडलं आणि नुसतं माझ्याकडं पाहिलं. डावं पाऊल आत वळलेलं होतं. तळवा वरती बघत होता, जसं कोणी हात पसरून काही मागावं तसा.

बायका बघायला यायच्या. मायेनंच यायच्या, पण प्रत्येकीच्या तोंडी एकच प्रश्न. "गिराण पाळलं न्हाईस व्हय गं?"

शांता खाली बघायची. ग्रहणात तिनं वांगी चिरली होती. आणि ती माझ्यामुळं चिरली होती. मला दुपारच्या पाळीला जायचं होतं, डबा हवा होता. ती म्हणाली होती, "आज चिरू नाई म्हणते माय." मी म्हणालो होतो, "माय इथं आहे का? चीर." एवढंच. चार वांगी. पुढचे कित्येक महिने मला ताटात वांगं दिसलं की घास उतरायचा नाही.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी लहान मुलांची हाडं बघायचे. बाकड्यावर आयाच आया, मध्ये मी एकटा पुरुष, मांडीवर तीन आठवड्यांची पोर. शांता बाळंतपणातून उठली नव्हती. डॉक्टरांनी दुपटं बाजूला केलं, पाऊल अंगठ्यानं हळूहळू सरळ वळवून पाहिलं. कुंदा किंचाळली. मी विचारलं, "साहेब, हे ग्रहणानं झालं का?"

ते पाऊल न सोडता म्हणाले, "ग्रहणात भाजी चिरल्यानं असं होत असतं तर मला दुपारी जेवायला घरी जाता आलं नसतं. दर आठवड्याला यायचं. पाऊल थोडं वळवायचं, प्लास्टर घालायचं. पुन्हा थोडं, पुन्हा प्लास्टर. सगळा हिवाळा जाईल. येणार ना?"

"येईन."

"येईन म्हणून तिसऱ्या वेळेला न येणारे पुष्कळ आहेत."

प्लास्टर घालणाऱ्या माणसानं आधी पायाला कापूस गुंडाळला. पांढरा, स्वच्छ, सरकी काढलेला. माझ्या हातांनी पोत्यांनी भरलेला कापूस, आणि तो पहिल्यांदा मला असा कोणाच्या तरी अंगावर जाताना दिसला. मग ओल्या पट्ट्या, मांडीपर्यंत. पुढं बोटं तेवढी उघडी ठेवली, पाच मटारच्या दाण्यांएवढी. सिस्टरनं मला समोर उभं करून सांगितलं. पाय उशीवर उंच ठेवायचा. बोटं बघत राहायची. बोटं काळीनिळी पडली, गार लागली, सुजली, तर मंगळवारची वाट न बघता यायचं. आणि दर मंगळवारी निघायच्या आधी कोमट पाण्यात पाय भिजवून, पट्टीचं टोक शोधून प्लास्टर उलगडायचं. मी सगळं ऐकलं. कारखान्यात साहेब बोलताना ऐकतो तसं, मान हलवत. तेव्हाची ती मान आजही मला टोचते.

हिवाळा असा मंगळवारांनी मोजला जात होता. पहाटे चार ते बाराची पाळी, मंगळवारी रजा नाहीतर कोणाबरोबर अदलाबदल. चिमणीतून बगॅसची, म्हणजे जळत्या उसाच्या चिपाडाची, काजळी पडायची. दोरीवरच्या कपड्यांवर, भाकरीवर, पोरीच्या पांढऱ्या प्लास्टरवर काळे तुकडे येऊन बसायचे. पुसले की पसरायचे. बसमध्ये लोक टकाटका बघायचे. एकानं विचारलं, "पावणं, पडली व्हय पोरगी?" एवढीशी पोर, कुठून पडेल? मी "व्हय" म्हणालो. जन्माचं सांगण्यापेक्षा पडली म्हणणं सोपं होतं. आईला पत्रात लिहायचो, मुलगी झाली, सर्व खुशाल. सहावीपर्यंतच्या माझ्या अक्षरांना तेवढंच खोटं लिहिता यायचं.

भीती कशाची होती हे आता नीट सांगता येईल. ती लंगडत चालेल याची होतीच. मुलीची जात, पुढं तिचं कसं होणार, याचीही होती. पण सगळ्यांत मोठी भीती लोकांच्या डोळ्यांची होती. डोळ्यांनी पाऊल आणखी वळेल असं वाटायचं. हसू येईल, पण वाटायचं.

संक्रांत झाली. शांतानं पहिल्यांदाच तोंड उघडून काही मागितलं. "पोरीची लूट करू." म्हणजे बोरन्हाण. आमच्याकडं लूट म्हणतात. पोरीला हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे, बायका-पोरं बोलवायची. गुरुवार ठरला. मंगळवारी प्लास्टर घालून आम्ही परत आलो. आणि मला दिसायला लागलं, सगळ्या बायका, सगळे डोळे, आणि मधोमध ते पांढरं.

माझा मेंदी रंगाचा एक जुना स्वेटर होता. त्याची बाही मी कापली, प्लास्टरवर मोज्यासारखी चढवली. काजळी आत जाऊ नये, थंडी लागू नये, आणि खरं म्हणजे काही दिसू नये, म्हणून पुढचं टोक सुईदोऱ्यानं शिवून टाकलं. घट्ट, बारीक टाके. कारखान्यात साहेब म्हणायचे माझ्या हातात सफाई आहे. शांता म्हणाली, "बोटं दिसत नाईत न वो."

"गुरुवारनंतर उसवू. दोन दिवसांनी काय होतंय?"

त्या रात्री कुंदा रडली. नवीन प्लास्टरच्या पहिल्या रात्री ती नेहमीच रडायची, म्हणून आम्ही तिला आलटून पालटून खांद्यावर घेतलं. पाय खाली लोंबत होता. उशीवर उंच ठेवायचा, हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. पहाटे मी पाळीला गेलो. दुपारी आलो तर घर शांत. शांता भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली, मांडीवर पोर निपचित. शांता डोळे न उघडता म्हणाली, "आता कुठं थांबली. उठवू नका."

मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं तेच लिहायचं म्हणून लिहितो. पोर रडायची थांबली याचं मला बरं वाटलं. मी भाकरी खाल्ली आणि आडवा झालो.

हौसाक्काची एक रीत होती. संध्याकाळी धारा काढायच्या आधी ती गोठ्यात प्रत्येक जनावराच्या पायाशी बसायची. दाव्याच्या आत दोन बोटं घालून बघायची, दावं काचतंय का. म्हैस बोलत न्हाय, म्हणायची, आपण इचारायला लागतं. चार म्हशी आणि एक रेडकू, एकही चुकवायची नाही. त्या बुधवारी ती गोठ्यात जाता जाता आमच्या दारात थांबली.

"काय गं शांते, आज पोरगीचा आवाज न्हाय?"

"निजली आक्का."

"कवापासनं?"

"दुपारपासनं."

"दूध पिली?"

हौसाक्का आत आली, चपला न काढता. आमच्या घरात ती कधी चपला घालून आली नव्हती. वाकून तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला, मग सवयीनं हात पायाकडं गेला. बाहीच्या टोकाशी तिची बोटं अडली.

"हे शिवलंय कुणी?"

मी उठून बसलो. "मी."

"आनी काय काय शिवून ठिवलंयस, पावणं?"

तिनं विळी मागितली नाही. टोक तोंडात धरून दातानं दोरा तोडला. बाही मागं सारली. आणि तिथं मी ती बोटं पाहिली. देठाजवळचं वांगं जसं असतं तशा रंगाची. सुजून एकमेकांना चिकटलेली. मी हात लावला. माठाच्या बुडासारखी गार.

शांताच्या तोंडून नुसता हुंदका आला. मी म्हणालो, "बस कधी आहे? दवाखान्यात नेतो."

"बस यायची तवा ईल. दावं आवळलं की म्हशीचा पाय असाच हुतोय. आदी दावं सोडायचं, मग डाक्टर."

"पण आक्का, डॉक्टरांना विचारल्याशिवाय? पाऊल परत वाकडं होईल. दोन महिने..."

हौसाक्का माझ्याकडं वळली. नेहमी ओरडून बोलणारी बाई, पण तेव्हा हळू बोलली. "वाकडं ऱ्हायलं तर ऱ्हाऊंदे. आदी पाऊल तर ऱ्हायला पायजे."

म्हशींच्या आंबोणासाठी तिच्या चुलीवर पाणी तापतच होतं. तिनं ते घमेल्यात ओतलं, गार पाणी घालून स्वतःच्या कोपरानं पाहिलं, पोरीला मांडीवर घेऊन पाय आत सोडला. मी पट्टीचं टोक शोधत होतो. दर मंगळवारी सापडणारं टोक त्या दिवशी सापडेना. साखर कारखान्याच्या रोलरचे बोल्ट आवळणारे हात, आणि एक ओली पट्टी सुटत नव्हती. "सरक," हौसाक्का म्हणाली. तिच्या नखाला टोक लागलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. पाणी पांढरं झालं. गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या होत्या, धारांची वेळ झाली होती. तिनं मान वर केली नाही. शेवटी कापूस निघाला, ओला, गोळा झालेला, आणि आत ते एवढंसं पाऊल. कापसाच्या घडीघडीचे ठसे कातडीवर उठले होते.

आम्ही तिघंही बघत होतो. रंग बदलेना.

"दाबू नगंस. चोळू नगंस. वर धर," हौसाक्का म्हणाली. मी पाय वर धरून बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. कुंदा एकदम रडली. मोठ्यानं, हातपाय झाडत. हौसाक्कानं सुस्कारा सोडला. "रड. रड माझी बाय. आता रड."

ऊस टाकून रिकामा शहराकडं निघालेला एक ट्रक तिनं हात आडवा करून रस्त्यात थांबवला. ड्रायव्हर काही बोलायच्या आत आम्ही चढलो. ती पण चढली. मी म्हणालो, "आक्का, धारा..." ती म्हणाली, "गप की." मागच्या फाळक्याशी बसून तिनं पोरीचा पाय स्वतःच्या छातीशी उंच धरला, आणि सगळ्या रस्त्यात, प्रत्येक खड्ड्याला, तो तेवढाच उंच राहिला.

डॉक्टर घरी जायला निघाले होते. परत आत आले. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. पांढरं. मग मी कधी विसरणार नाही असं एक वाट पाहणं. मग कडेनं, अगदी कडेनं, गुलाबी. दुसरं बोट. तिसरं. करंगळीला सगळ्यांत उशीर लागला.

"प्लास्टर कुणी सोडवलं?"

हौसाक्काला वाटलं आता बोलणी बसणार. ती पुढं झाली. "मी. माज्याच जबाबदारीवर. ह्यांस्नी काय बोलू नगासा."

डॉक्टर तिला म्हणाले, "बाई, उद्या सकाळी आणलं असतं तर मी काय करू शकलो असतो, मला माहीत नाही." मग माझ्याकडं वळले. माझ्या हातात ती बाही अजून होती, शिवलेलं टोक लोंबत. "बोटं उघडी का ठेवतो आम्ही? हौस म्हणून?"

मी बाही खिशात कोंबली. लोक बघतात म्हणून शिवली, असं सांगू?

त्या रात्री आम्ही सगळेच दवाखान्यात राहिलो. हौसाक्का सकाळच्या पहिल्या बसनं गेली. तिच्या म्हशींना तिच्याशिवाय दुसऱ्याचा हात चालायचा नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढं आठवड्यानं शेजारणीकडून कळलं की थोरल्या म्हशीच्या कासेत दूध तटलं, एक सड कायमचा गेला. मी हौसाक्काला विचारायला गेलो. ती दाव्यात बोटं घालून बघत होती. म्हणाली, "तिला चार सड हायत. पोरीला पाय दोनच."

त्या दिवसापासून तिनं मला पावणं म्हणायचं सोडलं. पुढं कधी "लेका", कधी नुसतं "ए".

आठवडाभर पाय मोकळा ठेवला आणि प्लास्टर पुन्हा सुरू झालं. कमावलेलं थोडं गेलं होतं, पण सगळं नाही. लूट रथसप्तमीला झाली, प्लास्टर न झाकता. बायका आल्या, डोळे आले. हौसाक्कानं मला बाजूला घेतलं. "दिष्टीचं भ्या वाटतंय न्हवं? ये हिकडं." आणि काजळाचा एक मोठा ठिपका पांढऱ्या प्लास्टरवर मधोमध लावला. "झालं. आता बघूंदेत." एका बाईनं ग्रहणाचं काढलंच. हौसाक्का बोरं वेचत मोठ्यानं म्हणाली, "माज्या रेडकाच्या आईनं तर गिराणात सगळा कडबा चावला हुता. त्याचं काय वाकडं झालं, बगून ये जा." बायका हसल्या. शांताही हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

पण भीती हसण्यानं जात नाही. हंगाम संपेपर्यंत मी पाळीवरून येताना दारापर्यंत धावत यायचो आणि दारात थांबायचो. आत आवाज असला की जीव भांड्यात पडायचा. आईबाप लेकराच्या रडण्याला कंटाळतात, मी शांततेला घाबरायला लागलो. संध्याकाळी हौसाक्का गोठ्यात सगळ्यांच्या पायाशी बसून झालं की शेवटी आमच्याकडं यायची आणि कुंदाची पाच बोटं एकेक दाबून बघायची. चार म्हशी, एक रेडकू, एक पोरगी.

पाडव्याच्या सुमाराला प्लास्टर सुटलं. मग पट्टीनं जोडलेले बूट आले, मग नुसते बूट. दीड वर्षाची झाली आणि हौसाक्काच्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, कुंदा चार पावलं चालली. डावी पोटरी अजून जरा बारीक आहे. डावं पाऊल अर्ध्या बोटानं लहान. आमचा चांभार तिच्या चपलेचा डावा पाय न सांगता लहान करतो. शाळेत ती लंगडी चांगली खेळते आणि हट्टानं डाव्याच पायावर खेळते. मला ते बघवत नाही, मी मागं वळतो.

इकडच्या कारखान्यात आल्याला सहा वर्षं झाली. बावड्याला जाणं होतं, पण आधी हंगाम, मग ओव्हरहॉलिंग, असं करत वर्षातून एकदा. गेल्या वर्षी शांतानं लुगडं नेलं होतं. हौसाक्कानं ते शांतालाच परत नेसवलं.

काल तिचा थोरला लेक इथल्या डेअरीत काही कामानं आला होता, तो घरी डोकावून गेला. चहा पिता पिता म्हणाला, "आईला साखर झालीया. डाक्टर म्हणतोय रोज पाय बगत जावा, तिला पायाला कळंना झालंय. मागच्या महिन्यात टाचंला काटा लागला, दोन दिस समजलंच न्हाय."

"मग आता? जखम कशी आहे?"

"दावत न्हाय की. लुगडं खाली सोडून, पाय झाकून बसतीया. इचारलं तर म्हणती, काय न्हाय झालंय. गोठ्यात जातीया अजून, म्हशींचं पाय बगतीया."

कुंदा दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं विचारलं, "आजी पाय का झाकते?" मी उठून पेटी उघडली. तळाशी मेंदी रंगाची ती बाही आहे, बारीक टाके अजून तसेच, एका बाजूनं दातानं तोडलेला दोरा. ती कुंदाच्या हातात दिली आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. वांगी, बोरन्हाण, गार बोटं, सगळं. मग खाली बसून तिनं स्वतःच्या डाव्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं आणि बघत राहिली.

हौसाक्का, तुला वाचता येत नाही आणि मला तुझ्यासमोर बोलता येत नाही, म्हणून इथं लिहितो. मला भीती वाटते आहे, त्या बुधवारी वाटली होती तशीच. हंगाम नुकताच सुरू झाला आहे, रजा मिळेल न मिळेल, पण या रविवारी पाळी बदलून मी येतो. तू ओरडशील, शिव्या देशील, पाय आत घेशील. मी चपला न काढता आत येईन. तुझ्या पायाशी बसेन, लुगड्याचा काठ वर करीन, आणि दहाही बोटं एकेक बघेन. काळं काही दिसलं तर तुला विचारायलाही थांबणार नाही, रस्त्यात आडवा होऊन ट्रक थांबवीन आणि तुझा पाय सगळ्या रस्त्यानं उंच धरीन. तुझं देणं एका रविवारात फिटायचं नाही, हे मला कळतं. पण पुढच्या हंगामाआधी बावड्याच्या कारखान्यात परत काम मागतो आहे, आणि ते मिळालं की रोज संध्याकाळी, तुझ्या म्हशी झाल्या की, शेवटी तुझे पाय मी बघेन.